अनोळखी नाव आणि ओळखीची हाक

उज्जयिनीतील मराठी घरांतून बारशाचा दिवस जवळ आला, की नावावरून थोडा वाद व्हावयाचाच. पंचांगातील अवकहडा चक्र अक्षर सुचविते, आजी कुलदैवताचे नाव पुढे करते आणि कानात कुर्रर्र करण्याचा मान आत्याबाईंचा. चक्राचा आधारही सर्वत्र पुरत नाही. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणास ‘ङ’ हे अक्षर दिले आहे आणि त्याने आरंभ होणारे नाव शोधता सापडत नाही! अशा वेळी आईबापांनी कोणी न ऐकलेले नाव काढले, म्हणजे ‘याला हाक कशी मारायची?’ असे आजी विचारते. तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचित नाही.

उदाहरण येथल्याच नदीचे घ्यावे. मराठी घरात मुलीचे नाव क्षिप्रा ठेवतात. शेजारचे हिंदी भाषिक तिला शिप्रा म्हणतात, आणि मेघदूतात कालिदासही शिप्राच म्हणतो. घरचे नाव एक, बाहेरचे दुसरे, अशा ओढाताणीत मूल वाढते. पारस्कर गृह्यसूत्राने मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत असे सांगितले आहे. त्या हिशेबाने क्षिप्राच काय, सीता आणि गंगाही बाद ठरतील. तेव्हा शास्त्रार्थाने हा वाद मिटावयाचा नाही.

परदेशी नावांत तर घोटाळा अधिकच. हंगेरीचा विख्यात संगीतरचनाकार बार्तोक (१८८१–१९४५) याचे नाव बेला. तिकडे ते पुरुषाचे. त्या संगीतावरील प्रेमाने कोणी आपल्या मुलाचे नाव बेला ठेवले, तर माळव्यात मोगऱ्याच्या जातीचे फूल डोळ्यांपुढे येईल आणि वर्गात हजेरी घेताना गुरुजी मुलींच्या बाकांकडे पाहतील. ती अवघडलेली क्षणभराची शांतता बापाला नव्हे, मुलाला रोज सोसावी लागेल. खुद्द हंगेरीत संमत नावांची यादी असते. तीबाहेरचे नाव हवे असल्यास अर्ज करावा लागतो आणि भाषासंशोधकांचे मत घेतले जाते. आपल्याकडे अशी यादी नाही, हे बरेच आहे. मात्र तो विचार घरातच व्हावयास हवा.

नवे नाव ठेवू नये, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ मुलाला एका वाक्यात सांगता यावा आणि मराठी व हिंदी या दोन्ही जिभांवर ते बसावे, एवढे पुरे. पाळण्यात घालण्यापूर्वी ते आळीतल्या माळवी पोरांकडून दोन-चार वेळा म्हणवून घ्यावे. खेळायला बोलावताना पुढे हाक तीच मारणार आहेत.