उन्हाळ्यातील बीव्हर : आमिष, सापळा आणि पिंजरा



बीव्हर हा प्राणी आपल्या देशात नाही. तेव्हा त्याला उन्हाळ्यात कसे पकडावे, या विषयावर येथे व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कोणताही वन्य प्राणी आणि शेजारी राहणारा माणूस यांच्यात पाण्यावरून आणि जमिनीवरून तंटा उभा राहिला, की त्या तंट्याचे स्वरूप सर्वत्र पुष्कळसे सारखेच असते. उत्तर अमेरिकेतील लोकांनी हा तंटा तीन शतके अनुभवला आहे आणि त्यात केलेल्या चुकांची नोंदही ठेवली आहे. त्या नोंदी आपणही वाचण्यासारख्या आहेत.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून देतो. बीव्हर हा उंदीर आणि साळिंदर यांच्या गणातला, म्हणजे कृंतक प्राणी. पूर्ण वाढलेल्या अमेरिकन बीव्हराचे वजन साधारणपणे सोळा ते तीस किलोपर्यंत असते. तो झाडे कुरतडून पाडतो आणि फांद्या, चिखल व दगड यांनी ओढ्यावर बांध घालतो. त्यामागे साचलेल्या पाण्यात तो काटक्यांचे घर बांधतो, आणि या घराचे दार पाण्याखाली असते. घरात एक जोडपे, गेल्या वर्षीची पिले आणि यंदाची पिले असे कुटुंब नांदते. मीलन हिवाळ्याच्या ऐन मध्यात होते, साडेतीन महिन्यांनी म्हणजे मे-जूनच्या सुमारास पिले जन्माला येतात, आणि त्याच सुमारास दोन वर्षांची झालेली मुले घर सोडून नव्या पाण्याच्या शोधात निघतात. हे वेळापत्रक कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

जुन्या काळातला व्यापारी शिकारी उन्हाळ्यात सापळे लावीत नसे. कातड्याची किंमत दाट, मऊ अंतर्लोमावर ठरते, आणि ही लोकर थंडीत भरते व उन्हाळ्यात विरळ होते. हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाली. तिच्या ठाण्यांवर पुढे उत्तम प्रतीचे एक बीव्हर-कातडे हेच मोजमापाचे नाणे ठरले होते, आणि बंदूक, घोंगडी, किटली यांचे भाव कातड्यांत सांगितले जात. त्या बाजारात उन्हाळी कातड्याला फारशी पत नव्हती. मग आज उन्हाळ्यात बीव्हर का पकडतात? एक तर त्याने रस्त्याखालची मोरी बुजवून रस्ता पाण्याखाली घातलेला असतो, किंवा शेतात व लावलेल्या वनात पाणी शिरलेले असते. दुसरे असे, की उपद्रव करणारे कुटुंब जिवंत पकडून, जेथे त्याची गरज आहे अशा डोंगरी ओढ्यावर नेऊन सोडायचे असते. दोन्ही प्रसंगी कातड्याला किंमत नसते. साहजिकच, शिकारीची जुनी विद्या जशीच्या तशी येथे लागू पडत नाही.

आमिषांचा विचार करताना मला नेहमी १८०६ सालच्या जानेवारीतील एक नोंद आठवते. पॅसिफिक किनाऱ्यावरील फोर्ट क्लॅटसॉप येथे मुक्काम असताना मेरिवेदर लुइस याने आपल्या रोजनिशीत बीव्हराच्या आमिषाची कृती तपशीलवार लिहून ठेवली आहे. बीव्हराच्या शेपटीच्या मुळाशी जी दोन पिशव्यांसारखी इंद्रिये असतात, त्यांतला पिवळसर-तपकिरी पदार्थ, म्हणजे कॅस्टोरियम, रुंद तोंडाच्या कुपीत पिळून घ्यावा. त्यात अर्धे जायफळ, थोडी लवंग आणि दालचिनी बारीक करून घालावी आणि मोहरीच्या चटणीइतके पातळ होईपर्यंत मद्य मिसळावे. बूच घट्ट लावून चार-पाच दिवस ठेवल्यास ते अधिक तेज होते, आणि मसाले न मिळाल्यास सॅसाफ्रास झाडाच्या मुळाची साल चालते, असेही तो सांगतो. रॉकी पर्वतापलीकडच्या अरण्यात एका सापळ्यासाठी पूर्वेकडची जायफळ-लवंग लागावी, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. मसाल्यांचा व्यापार कोठवर पोचला होता, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच सापडेल. (हेच कॅस्टोरियम युनानी वैद्यकात ‘जुंद बेदस्तर’ या नावाने परिचित आहे. तेव्हा हा प्राणी आपल्याकडे नसला, तरी त्याचा गंध आपल्या हकिमांच्या कपाटात पूर्वीच येऊन बसला होता.)

लुइसच्या कृतीतला मसाला किती उपयोगी होता, हा वादाचा मुद्दा आहे. माझ्या मते मसाला हा शिकाऱ्याच्या समाधानासाठी होता, आणि काम करीत असे ते कॅस्टोरियम. त्याचे कारण आता चांगले समजले आहे. बीव्हर काठावर चिखल आणि पाणवनस्पती यांचा लहान ढीग रचतो आणि त्यावर हा स्राव सोडतो. ही जागा आमची आहे, असा तो जाहीरनामाच असतो. परक्या बीव्हराचा वास आपल्या हद्दीत आला, की घरचा बीव्हर अस्वस्थ होतो, पाण्याबाहेर येतो, ढीग हुंगतो, उकरतो आणि त्यावर स्वतःचा वास चढवतो. न्यूयॉर्क राज्यात डीटलँड म्युलर-श्वार्झे यांनी आणि नॉर्वेत फ्रँक रोझेल यांनी कृत्रिम ढीग रचून केलेल्या प्रयोगांतून हे वर्तन तपशीलाने अभ्यासले गेले. तेव्हा गंधाचे आमिष हे भुकेला घातलेले आमिष नव्हे. ते हद्दीच्या अभिमानाला दिलेले आव्हान आहे. म्हणूनच ज्या तळ्यात सापळा लावायचा, त्याच तळ्यातील प्राण्याचा स्राव वापरण्यात अर्थ नसतो. तो दूरच्या, अपरिचित कुटुंबातला असावा लागतो.

आता ऋतूचा प्रश्न येतो. हे ढीग रचण्याचा उत्साह वसंतात सर्वांत जास्त असतो, कारण त्याच वेळी घर सोडलेली तरुण मंडळी भटकत असतात आणि हद्दी राखणे निकडीचे असते. उन्हाळा मध्यावर आला, की हा उत्साह ओसरतो. एप्रिलमध्ये ज्या कुपीने एका रात्रीत काम केले, तीच कुपी ऑगस्टमध्ये आठवडाभर वाया जाऊ शकते.

अन्नाच्या आमिषाचीही तीच कथा आहे. ॲस्पेन, वाळुंज यांच्या ताज्या फांद्या म्हणजे बीव्हराचे आवडते खाद्य, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते, आणि ते खरेही आहे. पण हे खाद्य मुख्यतः शरद आणि हिवाळ्याचे आहे. बर्फ पडण्यापूर्वी तो फांद्यांचा साठा पाण्यात बुडवून ठेवतो आणि थंडीभर त्यांची साल खातो. उन्हाळ्यात मात्र तो गवत, लव्हाळे, कुमुदिनीची पाने व कंद आणि काठची कोवळी झुडपे खात असतो. चहूकडे हिरवे ताट मांडलेले असताना पिंजऱ्यात ठेवलेली एक सुकत चाललेली फांदी त्याला कितपत मोहवणार? फांदी लावायचीच असेल, तर ती संध्याकाळी कापलेली असावी, तिचे बुड पाण्यात असावे आणि दुसऱ्या संध्याकाळी ती बदलावी. अनेक जाणकार उन्हाळ्यात फांदी आणि गंध दोन्ही एकत्र वापरतात, आणि ते शहाणपणाचे आहे.

तिसरे एक आमिष असे आहे, की ते कुपीत भरता येत नाही. बांधाला थोडे खिंडार पाडले, की पाणी वाहू लागते आणि बहुधा त्याच रात्री कोणीतरी ते बुजवायला येते. स्वीडनमधील लार्स विल्सन यांनी पाळलेल्या बीव्हरांवर प्रयोग करून दाखवले, की वाहत्या पाण्याचा नुसता आवाजदेखील त्यांना बांधकामास प्रवृत्त करतो. म्हणून खिंडारापाशी लावलेला सापळा कोणत्याही ऋतूत चालतो. परंतु त्यात एक धोका आहे. खिंडार बुजवायला पुढे येणारे बहुधा घरातले मोठे प्राणी असतात, आणि जूनमध्ये त्यांतली मादी दूध पाजणारी असते. ती सापळ्यात गेली, तर काटक्यांच्या घरात अंधारात बसलेली पिले उपाशी मरतात आणि कोणाला कळतही नाही. परक्या गंधाने चिडून येणारेही बहुतेक घरचे कर्ते जोडपेच असते. मात्र लहानग्यांच्या अंगावरचे दूध पुरते सुटल्यानंतर, म्हणजे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, याच पद्धतीचा दोष पुष्कळ कमी होतो. कोणते आमिष सर्वांत ‘चालते’, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही, तो यामुळे. त्या आमिषाला कोण भुलते आणि केव्हा, हेही विचारले पाहिजे.

ज्याने तळ्याचा काठ नीट पाहिला आहे, त्याला आमिषाची गरज मुळात कमी पडते. बीव्हर नेहमीच्या वाटांनी ये-जा करतो. काठावरून पाण्यात उतरण्याची गुळगुळीत घसरण, बांध ओलांडण्याची ठरलेली जागा, गवतातून खणलेला अरुंद पाट, या सर्वांवर त्याची नित्याची वर्दळ असते. उन्हाळ्यात पाणी उतरले, की हे मार्ग उघडे पडतात आणि अधिक स्पष्ट दिसतात. गंध मंदावलेल्या दिवसांत या वाटाच अधिक भरवशाच्या.

आता साधनांविषयी. जिवंत पकडण्यासाठी दोन प्रकारचे पिंजरे प्रसिद्ध आहेत, बेली आणि हँकॉक. बेली पिंजरा उघडलेल्या पेटीसारखा उथळ पाण्यात पसरून ठेवतात. बीव्हर पोहत मध्यभागी आला आणि कळीला लागला, की दोन्ही बाजू वर उचलून मिटतात. हँकॉक पिंजऱ्याची एक बाजू स्थिर असते. तो काठाच्या उतारावर, अर्धा पाण्यात असा ठेवतात, आणि आमिषासाठी तो अधिक सोयीचा. दोन्ही जड आहेत, दोन्हींच्या स्प्रिंगा जबर आहेत, आणि निष्काळजी माणसाचा हात त्यांत सापडू शकतो. मारण्यासाठी कॉनिबेअर नावाचा चौकटीचा सापळा वापरतात. तो फ्रँक कॉनिबेअर या कॅनडातील शिकाऱ्याने तयार केला व १९५० च्या दशकात बाजारात आला. पायाला पकडून आठवडाभर छळणाऱ्या जुन्या पोलादी सापळ्यापेक्षा तो दयाळू, असा त्याचा लौकिक होता. पण उन्हाळ्यात त्याच पाटातून पाणमांजर जाते, कासवे जातात, बदकांची पिले जातात, आणि चौकट कोणाला ओळखत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यात २००० मध्ये मतदारांनी अशा सापळ्यांवर निर्बंध घातले, ते या पार्श्वभूमीवर.

उन्हाळ्याचा खरा शत्रू ऊन आहे. या प्राण्याच्या अंगावर दुहेरी लोकरीचा कोट आहे आणि शरीरातली उष्णता तो मुख्यतः बिनकेसाच्या शेपटीतून व मागच्या पायांतून पाण्यात सोडतो. पाण्याबाहेर, तापलेल्या तारेच्या पिंजऱ्यात, त्याच्याजवळ हा मार्ग उरत नाही. म्हणून पिंजरा संध्याकाळी लावावा आणि पहाटे उजाडताच तपासावा. नऊ वाजेपर्यंत चहा पीत बसणाऱ्याने हे काम पत्करू नये. पिंजऱ्याचा भाग पाण्यात असावा, पण तो इतकाच, की रात्री पाऊस पडून पाणी चढले तरी प्राण्याचे नाक बुडणार नाही. वाहनातून नेताना ओले गोणपाट पांघरावे, सावली ठेवावी आणि वारंवार पाणी शिंपडावे.

या उष्णतेच्या अडचणीतूनच एक विलक्षण उपाय जन्माला आला. आयडाहो राज्यात उपद्रवी बीव्हर दुर्गम डोंगरात नेताना घोडे आणि खेचरे बुजत, प्रवास लांबे आणि प्राणी उष्म्याने मरत. तेथील वन्यप्राणी खात्यातील एल्मो हेटर यांनी जमिनीवर आपटताच उघडणारी लाकडी पेटी तयार केली आणि महायुद्धातून उरलेल्या हवाई छत्र्या तिला जोडल्या. जेरोनिमो नावाच्या एका वृद्ध बीव्हराला पुनःपुन्हा खाली सोडून त्यांनी तिची परीक्षा घेतली. पुढे तो बिचारा पेटी दिसताच स्वतःहून आत शिरू लागला, असे ते लिहितात. १९४८ मध्ये एकूण ७६ बीव्हर चेंबरलेन खोऱ्यात उतरवण्यात आले आणि त्यांतला एकच दगावला. पुढच्या वर्षी पाहणी झाली, तेव्हा त्यांनी वसाहती केलेल्या होत्या. जेरोनिमोलाही तीन तरुण माद्यांसह पहिल्या खेपेत पाठवले होते. एवढे श्रम घेतल्यावर ही पेन्शन त्याला रास्तच होती.

प्रत्येक स्थलांतर असे यशस्वी होत नाही. एकटेदुकटे सोडलेले प्राणी पांगतात, किंवा अस्वल, कायोटी, पुमा यांच्या तोंडी जातात. वायोमिंगमधील अभ्यासात असे पुष्कळ प्राणी गमावले गेले. वॉशिंग्टन राज्यातील मेथाउ खोऱ्यात २००८ पासून चाललेल्या प्रकल्पात म्हणूनच प्राण्यांना सोडण्यापूर्वी एकत्र ठेवून त्यांच्या जोड्या जमवण्यावर भर दिला गेला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात काम सुरू केले, तर पिले आईबरोबर पकडता येतात आणि थंडीपूर्वी नवे घर बांधायला त्यांना काही आठवडे मिळतात. फार उशीर झाला, तर अन्नाचा साठा अपुरा राहतो. ही संधी अगदी अरुंद आहे.

शिवाय, पकडून नेल्याने ओढा रिकामा होतो, वाईट होत नाही. पुढच्या वसंतात दोन वर्षांची कोणी भटकी जोडी येते आणि तीच मोरी पुन्हा बुजवते. मेन राज्यात पेनॉबस्कॉट समाजासाठी काम करताना १९९० च्या दशकात स्किप लायल यांनी मोरीच्या तोंडाशी विशिष्ट आकाराचे कुंपण घालण्याची युक्ती विकसित केली. दुसरी युक्ती आहे बांधातून नळ घालण्याची. नळाचे आतले तोंड बांधापासून दूर, जाळीच्या पिंजऱ्यात, खोल पाण्यात ठेवतात. पाणी कोठून जाते याचा आवाज व ओढ प्राण्याला जाणवत नाही, पातळी हवी तेवढीच राहते, आणि कुटुंब जागच्या जागी राहते. प्रत्येक ठिकाणी हे जमत नाही. अगदी सपाट जमिनीवर, जेथे वीतभर पाणीही पिकाला मारते, तेथे नळ उपयोगाचा नाही. परंतु रस्त्याच्या मोरीसाठी मी तरी प्रथम कुंपण आणि नळ यांचाच विचार करीन, नंतर ऑगस्टमधल्या पिंजऱ्याचा, आणि चौकटीच्या सापळ्याकडे दुसरा कोणताच मार्ग उरला नाही तरच वळेन.

आपल्यापैकी ज्यांना नळाची मांडणी पाहायची असेल, त्यांच्यासाठी फळ्यावर आकृती काढली आहे. प्रश्न असल्यास तिच्यापासूनच सुरुवात करू.