दुसऱ्याच्या तारणासाठी

संकटकाळी मनुष्य देवाजवळ जे मागतो ते बहुधा स्वतःसाठी व आपल्या मुलाबाळांसाठी असते. त्यात दोष नाही. परंतु ख्रिस्ती उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणून एक भाग आहे. तीत भक्त दुसऱ्याच्या तारणासाठी देवापुढे उभा राहतो. तिच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

तिचा जुना नमुना उत्पत्तीच्या पुस्तकात सापडतो. सदोम नगराचा नाश होणार असे कळताच अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करू लागतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचेल ना? पंचेचाळीस सापडले तर? असे करीत तो दहांवर येतो. भाजीबाजारातील गृहिणीची चिकाटी त्यात आहे, असे म्हटल्यास कोणी रागावू नये! पुतण्या लोट त्या नगरात राहत होता हे खरे, तथापि मागणे साऱ्या नगरासाठी होते. आणि नगर वाचले नाही, हेही शास्त्र लपवीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या प्रार्थनेचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी आईबाप व बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या व शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे त्या मुलींना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले, आणि तेथेच मुक्ती सदन वाढले. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेस बसणारे एक मंडळ काढले. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या मंडळाचे पहिले मागणे परधर्मीयांच्या पापांविषयी नव्हते. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांचे, त्यांत आपणही आलोच, खरे मनःपरिवर्तन व्हावे असे होते.

हे सांगण्याचे कारण असे की, या प्रार्थनेवर एक आक्षेप घेतला जातो व तो पोकळ नाही. माझ्या तारणाची चिंता तुम्ही का वाहावी, माझा धर्म मला पुरेसा नाही काय, असे शेजारी विचारू शकतो. १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मांतराचा वाद पेटला तेव्हा न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूती असलेल्या मंडळींनीही सल्लागार समितीतून अंग काढून घेतले. ती नाराजी समजण्यासारखी आहे. आमच्या नांदेडला गुरुद्वारात अरदास होते, तिच्या शेवटी सर्वांचे भले मागितले जाते. ज्ञानदेवांच्या पसायदानात तर दुष्टांचा केवळ दुष्टपणा जावा एवढेच मागणे आहे. त्यांनी कोणी दुखावत नाही. ख्रिस्ती भाविकाच्या 'तारण' शब्दात मात्र पापापासून ख्रिस्ताकरवी सुटका हा अर्थ असतो, आणि सौजन्यापोटी तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला वाटते, त्याने तसे अवश्य मागावे. परंतु मागणाऱ्याने स्वतःला त्याच यादीत, आणि तेही वरच्या ओळीत, घालावे. भाकरीच्या बदल्यात विश्वास मागणे ही निराळीच गोष्ट होय. तिला प्रार्थना म्हणू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे त्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. त्या दिवसांत लातूर जिल्ह्यात मोकळे हात जेवढे होते तेवढे ढिगारे उपसण्यास लागले, आणि ढिगाऱ्याखालचा कोणत्या देवाचा, हे कोणी विचारीत नव्हते. उपसता उपसता माणसे पुटपुटत असत. कोणी विठ्ठलाचे नाव घेई, कोणी अल्लाचे, कोणी येशूचे. आणि ते घेतले जात असे खाली दबलेल्या अनोळखी माणसासाठी.