शर्यतीच्या घोड्याचा दम

बिबवेवाडीहून कॅम्पाकडे गेलं की पुण्याचं रेसकोर्स लागतं. पावसाळ्यात इथे शर्यतींचा हंगाम असतो आणि घोड्यांचा सराव भल्या पहाटे चालतो.

या जनावराचं शरीर थक्क करणारं आहे. ठाणावर निवांत उभ्या असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला 30 ते 40 ठोके देतं. भरधाव पळताना तेच 220च्या आसपास जातं. पाणथरी, म्हणजे प्लीहा, आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. चौखूर धावताना दर झेपेला एकच श्वास! घामाला फेस येतो तो लॅथेरिन नावाच्या प्रथिनामुळे. त्या घामातून मीठही भरपूर जातं, म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही.

पण मला सर्वांत जपण्यासारखं वाटतं ते पोट. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं. वैरण कमी आणि दाण्याचा मारा जास्त झाला, की जठराला व्रण पडतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज हवाच. 500 किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. वरातीच्या घोडीचं पोटही असंच असतं. मालकांनी निघण्याआधी तिच्यापुढे गवताची पेंढी जरूर टाकावी. पोटातलं गवत आम्लाचे शिंतोडे अडवतं.