सोळा पायऱ्या आणि आपली उचल

मी गंगाखेड तालुक्यात बचत गटांचं काम बघते. माझ्या नणंदेची मुलगी मॉरिशसला शिकायला आहे. तिनं तिथला आप्रवासी घाट बघितला आणि फोनवर सगळं सांगितलं. ते तुम्हालाही सांगते, कारण ती गोष्ट उसाची आहे.

मॉरिशस हे समुद्रातलं छोटं बेट. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेले गुलाम राबत. काहीजण पळून ल मॉर्न नावाच्या डोंगरात लपत. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामी कायद्यानं बंद झाली. पण ऊस तोडायला माणसं तर हवीच होती. म्हणून मळेवाले आधीच हिंदुस्थानाकडे वळले होते. नोव्हेंबर १८३४ मध्ये पहिले ३६ मजूर तिथं उतरले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या वर माणसं गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांची पणतवंडं आजही तिथं गणपती बसवतात.

पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर सोळा दगडी पायऱ्या चढाव्या लागत. वर गेलं की माणसाला नंबर मिळे. हे गुलाम नव्हते, करारावर आलेले मजूर होते. पण करार वाचता येत नव्हता, अंगठा मात्र उठलेला होता. सुरुवातीला करार पाच वर्षांचा, गड्याला महिना पाच रुपये. निघतानाच काही पगार आगाऊ हातात. आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापत.

बायांनो, आगाऊ रक्कम, अंगठा, खाडा. हे शब्द आपल्याला नवे आहेत का? आपण गुलाम नाही, हंगाम संपला की घरी येतो. पण उचल फिटेपर्यंत पाय बांधलेलेच राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मात्र बहुतेक नवऱ्याच्याच हातात पडते. तोडायला, मोळ्या बांधायला आणि डोक्यावर वाहायला बाई असते, हिशोबाला नसते.

कर्ज फेडण्यासाठी माणसाला डांबून राबवणं हा १९७६ च्या वेठबिगार कायद्यानं गुन्हा आहे. कायदा कामी यायचा तर आपल्या हाती कागद पाहिजे. म्हणून टोळी निघायच्या आधी गटाच्या बैठकीत चार गोष्टी करा. उचल किती, कोणत्या तारखेला घेतली, टनाला दर काय, खाड्याला किती कापणार, हे गटाच्या वहीत लिहा. मुकादमाच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी तो गटातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्याची झेरॉक्स घरी ठेवा. आणि ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करताना नवऱ्याबरोबर तुमचंही नाव लावायला सांगा.

त्या पायऱ्या चढणाऱ्या बायांना कागद वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. आपल्या गटात आहे. येत्या बैठकीला वही घेऊनच या.