सागाच्या तुळईतील पर्जन्याचा दाखला

जुना वाडा उतरविताना निघालेली सागाची तुळई सरपणात जाण्यापूर्वी तिच्या आडव्या छेदाकडे लक्षपूर्वक पाहावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे; कारण आपल्या मुलखात पर्जन्यमापके नव्हती, त्या काळच्या पावसाचा दाखला त्या छेदातील वलयांत नोंदलेला असतो.

साग कोरड्या ऋतूत पाने गाळून वाढ थांबवितो आणि पुढे प्रथम मोठ्या छिद्रांचे व नंतर घट्ट काष्ठ निर्माण करतो. या दोहोंचे मिळून एका वर्षाचे एक वलय होते, जे पाऊसपाणी पुरेसे असता बहुधा रुंद आणि अवर्षणात अरुंद राहते. तथापि एकाच वृक्षाच्या साक्षीवर निवाडा करू नये. कीड, वणवा, शेजारच्या झाडाची छाया यांनीही वलय आकसते, क्वचित उमटतच नाही. म्हणून अनेक वृक्षांची वलये परस्परांशी ताडून पाहावी लागतात. याच रीतीने अमेरिकेतील ज्योतिर्विद ए. ई. डग्लस यांनी जिवंत वृक्षांपासून तेथील मूळ रहिवाशांच्या प्राचीन पुएब्लो वस्त्यांतील तुळयांपर्यंत वलयांची साखळी जोडीत नेली आणि १९२९ साली त्या वस्त्यांचा काळ निश्चित केला. तेराव्या शतकाच्या अखेरचे तिकडील दीर्घ अवर्षणही त्याच साखळीतून उजेडात आले.

आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका सिद्ध केली. प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या ‘एल निनो’ या घटनेच्या प्रभावाने मोसमी पाऊस ओसरलेल्या अनेक वर्षांची वलये तीत अरुंद आढळली. १८७६-७८ च्या ज्या दुष्काळाने दख्खनची रयत देशोधडीला लागली, त्याच सुमाराचे अवर्षण आशियाच्या किती विस्तीर्ण प्रदेशावर पसरले होते, हेही ठिकठिकाणच्या वलयांनी दाखवून दिले आहे.

म्हणून जुनी तुळई निघाली, अथवा वठलेला साग रीतसर परवान्याने तोडला, तर दोन-तीन बोटे जाडीची अखंड चकती, शक्यतो सालीसकट, कापून सावलीत वाळवावी. तिच्यावर मौजे, तालुका, तोडीची तारीख, झाडाची जागा उताराची की नदीकाठची, हे लिहावे; कारण साल शाबूत असेल तरच शेवटच्या वलयाचे वर्ष नक्की ठरते, आणि नदीकाठच्या झाडाला बारमाही ओल मिळत असल्याने त्याची वलये अवर्षणाची साक्ष क्वचितच देतात. जुन्या तुळईच्या बाबतीत वाड्याच्या बांधणीचे साल कागदोपत्री सापडल्यास तेही नोंदवावे. अशी चकती जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे सुपूर्द करावी. जिवंत वृक्ष मात्र यासाठी कदापि तोडू नये. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून अभ्यासकाचे काम भागते आणि वृक्षही जगतो.

आपल्या पर्जन्यमापनाचे कागद सुमारे दोनशे वर्षेच मागे जातात. धरणांची व पाणीवाटपाची आखणी तेवढ्याच अनुभवावर करणे धोक्याचे आहे. याहून दीर्घ अवर्षणे पूर्वी येऊन गेली असतील, तर ती पुन्हाही येऊ शकतात, आणि त्यांची मुदत जाणून घेण्याचे जे साधन आपल्या अंगणात पडलेले आहे, ते जपणे हे आपले कर्तव्य आहे.