पॅकेजचा पालक कोण?

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय संगणकाचा आहे आणि मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन पत्रकारितेत आलेला मी एक माणूस. तरीही हा विषय मी आनंदाने स्वीकारला, याचे कारण तो यंत्राचा जितका आहे त्याहून अधिक माणसांच्या परस्परविश्वासाचा आहे. जगातील बहुसंख्य सर्व्हर आज लिनक्सवर चालतात. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. लिनक्स फुकट मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. ते आपल्यापर्यंत सुस्थितीत कोण पोहोचवते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. त्या पोहोचवणाऱ्या माणसांविषयी आज बोलावयाचे आहे.

विटांपासून घरापर्यंत

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पण विटा, वाळू आणि लाकूड अंगणात येऊन पडले म्हणजे घर होत नाही. गाभा एकाने लिहिलेला, अवजारे दुसऱ्यांनी लिहिलेली, चित्रे दाखविणारी आज्ञावली तिसऱ्याची. हे सारे निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून एकत्र देणारी जी व्यवस्था, तिला 'डिस्ट्रिब्युशन' किंवा वितरण म्हणतात.

अशा वितरणांतील एक जुने आणि मोठे नाव डेबियनचे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने त्याची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयान हे स्वतःचे, या दोहोंतून 'डेबियन' हा शब्द सिद्ध झाला. मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरमध्ये निवर्तले, परंतु त्यांनी लावलेले रोप वाढतच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची 'ट्रिक्सी' ही तेरावी आवृत्ती आली, तेव्हा तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस होती. आणि हा डोलारा सांभाळणारे अधिकृत सदस्य सुमारे एक हजार! त्यांच्या जोडीला इतर अनेक साहाय्यक आहेत, हे खरे. पण डेबियन यांतील कोणालाही वेतन देत नाही. काहींना त्यांच्या कंपन्या कामाच्या वेळेत मुभा देतात. बाकीचे नोकरी-संसार सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हे काम करतात.

उपसंपादकाचे काम

पॅकेज म्हणजे नेमके काय? माझ्या व्यवसायातील दाखला देतो. वार्ताहर बातमी पाठवतो, ती जशीच्या तशी छापली जात नाही. उपसंपादक ती वाचतो, नावे आणि तारखा पडताळतो, कोणत्या पानावर किती जागेत बसेल ते पाहतो आणि मगच ती छपाईला जाते. वाचकाला वार्ताहराचे नाव दिसते, उपसंपादकाचे दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात मूळ प्रोग्रामर हा वार्ताहर आणि पॅकेजचा 'मेंटेनर' हा उपसंपादक. मी त्याला पॅकेजचा पालक म्हणतो.

मूळ लेखकाकडून आलेल्या स्रोतसंहितेला हा पालक काही कागदपत्रे जोडतो. पॅकेजचे वर्णन काय, ते चालण्यास दुसरी कोणती पॅकेजेस लागतात, ते कसे घडवावे, कोणत्या फाइलवर कोणाचा हक्क आणि कोणता परवाना, आणि प्रत्येक आवृत्तीत कोणी काय बदलले, हे सारे त्यांत असते. त्यावर तो आपल्या सांकेतिक किल्लीने स्वाक्षरी करतो. ही किल्ली खरोखर त्याचीच, याची खात्री परंपरेने प्रत्यक्ष भेटीत, ओळखपत्र पाहून, जुन्या सदस्यांनी द्यावयाची असते. इतक्या आधुनिक व्यवस्थेचा पाया समोरासमोर झालेल्या ओळखीवर उभा आहे!

स्वाक्षरी झालेले पॅकेज प्रथम 'सिड' या अस्थिर शाखेत जाते. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देतात. सिड हा त्यातील खेळणी मोडणारा मुलगा. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही तर पॅकेज चाचणीच्या शाखेत सरकते आणि साधारण दोन वर्षांनी त्या शाखेतून स्थिर आवृत्ती तयार होते. पालकाचे काम येथे संपत नाही, खरे तर येथून सुरू होते. स्थिर आवृत्तीत नवनवे बदल घालावयाचे नाहीत, असा दंडक आहे. सुरक्षेचा दोष सापडला की मूळ लेखक नवी आवृत्ती काढून मोकळा होतो. पालकाला मात्र बहुतेक वेळा त्यातील नेमकी दुरुस्ती तेवढी वेगळी काढून जुन्या आवृत्तीत बेताने बसवावी लागते. जुन्या वाड्याचा एक वासा बदलताना छत पडू न देण्याइतके हे जिकिरीचे काम आहे.

पालकाचा धर्म कोणता, हे सांगताना मला संत एकनाथांचे स्मरण होते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठशुद्धी केली. शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली. स्वतः थोर कवी असताना त्यांनी हा संयम पाळला. दुसऱ्याची कृती शुद्ध स्वरूपात पुढे पोहोचविणे ही स्वतंत्र साधना आहे आणि तीत स्वतःची भर घालण्याचा मोह सर्वांत घातक ठरतो.

दोन ओळींचा धडा

या म्हणण्याचा पुरावा डेबियनच्याच इतिहासात आहे. २००६ साली 'ओपनएसएसएल' या पॅकेजच्या पालकाने मूळ संहितेतील दोन ओळी निष्क्रिय केल्या. दोष शोधणारे एक अवजार त्या ओळींवर वारंवार आक्षेप घेत होते. हेतू शुद्ध होता आणि त्याने मूळ प्रकल्पाच्या मंडळींकडे विचारणाही केली होती. परंतु गुप्त किल्ल्या तयार करताना जी यादृच्छिकता लागते, ती नेमकी त्या ओळींतून येत होती. परिणामी प्रत्येक प्रकारच्या किल्लीच्या अगणित शक्यता उरण्याऐवजी जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या. इतक्या किल्ल्या एखादा साधा संगणकही करून पाहू शकतो.

हा दोष लुसियानो बेल्लो या डेबियनच्याच सदस्याला सापडला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. डेबियनने १९९७ साली स्वीकारलेल्या 'सामाजिक करारा'त जी वचने आहेत, त्यांत 'आम्ही दोष लपविणार नाही' या अर्थाचे एक वचन आहे. ते येथे पाळले गेले. दोष कोणता, तो केव्हापासून आहे, कोणत्या किल्ल्या टाकून द्याव्यात, हे सारे उघडपणे सांगण्यात आले. जगभर लाखो किल्ल्या बदलाव्या लागल्या, नाचक्कीही झाली. पण संस्था टिकली ती या उघडपणामुळे.

एकट्या माणसाची कथा

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे, कारण त्यात शुद्ध हेतूही नव्हता. माहिती दाबून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक साधन आहे. लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रामर ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळीत होता. २०२१ च्या अखेरीस 'जिया तान' या नावाने कोणी साहाय्यास आले. काम चांगले, वागणे नम्र. त्याच सुमारास अनोळखी नावांनी कॉलिनवर दबाव येऊ लागला की, तुम्ही फार सावकाश काम करता, आता दुसऱ्याकडे सूत्रे द्या. आपल्या अडचणी आहेत आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्याने २०२२ मध्ये सांगूनही पाहिले. शेवटी त्या मदतनिसाकडे अधिकार गेले. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास मिळविल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नव्या आवृत्तीत एक चोरवाट घातली.

ती चोरवाट कोठे उघडत होती? दूरवरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या 'एसएसएच' सेवेत! मूळ एसएसएचचा एक्सझेडशी काहीही संबंध नाही. तो संबंध डेबियनसारख्या वितरणांनी सोयीसाठी केलेल्या एका जोडणीतून आला होता. शिवाय घातक भागाचा महत्त्वाचा दुवा सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या भांडारात नव्हता; पॅकेज बांधण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात तो लपविला होता. चोराने हल्ला केला तो पॅकेज बांधण्याच्या जागीच.

हा कट उघड केला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. डेबियन सिडवर काम करीत असताना आपल्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. दुसरा असता तर त्याने दुर्लक्ष केले असते. त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगासमोर मांडले. ती आवृत्ती डेबियनच्या स्थिर शाखेत अद्याप पोहोचली नव्हती. सिडमध्ये नवे पॅकेज थांबवून पाहण्याची ती सावकाश चाल अनेकांना कंटाळवाणी वाटते; त्या दिवशी तिचे मोल कळले. मात्र आपण वाचलो ते एका माणसाच्या चौकस स्वभावामुळे, हेही विसरता येणार नाही. स्वभावावर विसंबून राहणे ही व्यवस्था नव्हे. म्हणूनच डेबियनमध्ये अनेक वर्षे एक प्रयत्न चालू आहे: एकच संहिता दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बांधली, तर निघणारे पॅकेज शेवटच्या बिटपर्यंत सारखेच असावे. मग बांधणाऱ्यावर केवळ विश्वास ठेवावा लागणार नाही, त्याचे काम पडताळता येईल.

अनाथ पॅकेजेस

ज्याला पालक उरला नाही, त्या पॅकेजला डेबियनमध्ये 'अनाथ' म्हणतात आणि त्याची जबाबदारी घेण्यास 'दत्तक घेणे' म्हणतात. हे शब्द माझे नव्हेत, त्यांच्या व्यवहारातलेच आहेत. थकलेला पालक तसे जाहीरपणे सांगू शकतो, साहाय्य मागू शकतो. कोणी दीर्घकाळ दिसेनासा झाला तर त्याची विचारपूस केली जाते आणि मग पॅकेज दुसऱ्याकडे सोपविले जाते. निवृत्तीची अशी सन्माननीय वाट आपल्या किती सार्वजनिक संस्थांत आहे, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

दत्तक देताना पारख नसेल तर काय होते, तेही पाहा. 'आर्च' या दुसऱ्या एका वितरणात २००५ पासून वापरकर्त्यांचे एक सामाईक भांडार आहे. तेथे कोणीही नोंदणी करून पॅकेज बांधण्याची कृती ठेवू शकतो. या मोकळेपणामुळे ते भांडार समृद्ध झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुलै २०१८ मध्ये तेथील एक अनाथ पॅकेज कोणी दत्तक घेतले आणि त्यात वापरकर्त्याच्या संगणकाची माहिती गोळा करणारी आज्ञा घुसविली. ती लवकरच काढण्यात आली. २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा तेथे घातक पॅकेजेस आढळली. ओसाड विहीर कोणाचीच नसते, म्हणून तिच्यात कोणीही काहीही टाकू शकतो.

आपला वाटा

बंधू-भगिनींनो, याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. सी-डॅकने घडविलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. 'लोहित' या देवनागरी अक्षरटंकाच्या घडणीत पुण्यातील अभियंत्यांचा वाटा आहे आणि डेबियनमध्ये तो पॅकेजरूपाने मिळतो, म्हणून जगात कोठेही बसून मराठी माणसाला एका आज्ञेसरशी आपली अक्षरे मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली होती. म्हणजे आपण या व्यवस्थेच्या बाहेर नाही. मात्र घेणाऱ्यांच्या रांगेत आपण जितके आहोत, तितके सांभाळणाऱ्यांच्या रांगेत आहोत काय? स्वदेशी कार्यप्रणालीचा अभिमान बाळगावयाचा, तर तिच्या पायातील पॅकेजेसचे पालकत्वही काही प्रमाणात आपल्याकडे असले पाहिजे. नुसते नाव आणि वेष्टन बदलल्याने स्वावलंबन येत नाही.

त्यासाठी प्रत्येकाने प्रोग्रामर होण्याची गरज नाही. दोष आढळला तर तो नीट लिहून कळविणे हेही काम आहे. मराठी अनुवाद तपासणे, चाचणीच्या आवृत्त्या वापरून पाहणे, ही कामे माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही जमण्याजोगी आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी नवे प्रकल्प करून घेण्याऐवजी एखाद्या वर्गाला एक अनाथ पॅकेज दत्तक घ्यावयास लावावे. चार वर्षांत ती मुले पुस्तकातून मिळणार नाही ते शिकतील. आणि ज्या कंपन्या या फुकट मिळणाऱ्या पायावर व्यवसाय उभारतात, त्यांनी आपल्या अभियंत्यांचे काही तास तरी या कामाला द्यावेत. थकलेल्या एकट्या पालकाच्या शेजारी पारखलेला दुसरा माणूस उभा राहिला, तर 'जिया तान'ला शिरण्यास जागाच राहणार नाही.