शरीर दमतं तेव्हा

आज बोलायचंय व्हिडिओ कलेबद्दल. त्यातही अशा कलाकारांबद्दल, ज्यांनी रंग-माती बाजूला ठेवून स्वतःचं शरीरच साहित्य म्हणून वापरलं. ‘यात कला ती काय? कॅमेऱ्यापुढे कुणीही उभं राहील,’ असं बरेचजण म्हणतात. प्रश्न रास्त आहे, त्यालाच धरून पुढे जाऊ.

आधी तंत्राचं बघू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोनीचा पोर्टापॅक हा सुटसुटीत व्हिडिओ कॅमेरा आला. फिल्म धुवायला पाठवायची नाही, सोबत माणसं नकोत. खोलीत एकट्यानं बसा, आपलं चित्र लगेच समोरच्या टीव्हीवर. म्हणजे आरसाच, फक्त लक्षात ठेवणारा.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या व्हिटो अकॉन्चीनं ‘सेंटर्स’ केलं. पडद्यावरच्या स्वतःच्याच प्रतिमेच्या मध्यावर तो बोट रोखून धरतो. वीस मिनिटांहून जास्त वेळ! बघणाऱ्याला वाटतं, बोट आपल्यावरच रोखलंय. बाकी काही घडत नाही. दमल्याचा अभिनय करता येतो हो, पण इतका वेळ हात धरला की तो खरंच भरून येतो. आपण बघतो ते हे.

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीच्या सोनिया खुराना यांचा ‘बर्ड’ साधारण २००० सालचा. कृष्णधवल, मूक. विवस्त्र, स्थूल अशा त्या स्वतः उडायचा प्रयत्न करतात आणि पडतात. आधी हसू येतं. मग ते घशात अडकतं, कारण आपण नक्की कशाला हसलो? त्या देहाला, की त्याच्या उडायच्या हट्टाला? बाईनं कसं बसायचं हे आजवर बहुतेक चित्रकारच ठरवत आले. इथे कॅमेऱ्यापुढची बाई आणि ठरवणारी बाई एकच आहे.

मोना हाटूम तर आणखी आत जातात. जन्म बैरूतचा, कुटुंब पॅलेस्टिनी. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि त्या लंडनमध्येच अडकल्या. ‘परकी वस्तू’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव असलेली त्यांची १९९४ ची कलाकृती आहे. डॉक्टर दुर्बीण घालून तपासतात ना, तसा कॅमेरा त्यांच्या शरीराच्या आत फिरतो. गोल खोलीत ते चित्र जमिनीवर पडतं, कानावर श्वास आणि हृदयाचे ठोके. परकी वस्तू म्हणजे इथे कॅमेराच. आणि गंमत बघा, एकदा आत शिरल्यावर ही बाई कुठल्या देशाची, हे काही केल्या सांगता येत नाही.

शरीराला नुसता त्रास दिला म्हणून कला होत नाही, हेही खरं. म्हणून असा व्हिडिओ समोर आला की दोन गोष्टी बघा. कॅमेरा कुणाच्या ताब्यात आहे? आणि शरीर कुठे ऐकेनासं होतं? आपल्या फोनवर आपण नेमका तोच भाग कापून टाकतो. हे कलाकार तो ठेवतात.